दुसऱ्या घरच्या मनगट्या

आमच्या ईट गावातल्या निम्म्या बाळांना काळ्या मण्यांच्या मनगट्या मीच ओवून देते. नजर लागू नये म्हणून बारशाला बांधतात. आता मान अवघडते, सुईत दोरा जात न्हाय, तरी बाया दारात येतातच. "नागम्माकाकू, तुमच्याच हातच्या पायजेत." न्हाय म्हणायचाबी कंटाळा येतो.

सोमवारी माझ्या नातीचं बारसं झालं. आमच्याकडं बाळाच्या मनगट्या घरात ओवत न्हाईत, दुसऱ्या घरनं याव्या लागतात. बायांनी झबली आणली, खुळखुळे आणले. मनगट्या कुणीच आणल्या न्हाईत. नागम्माच्या घरी मण्यांचा काय तोटा, असं वाटलं असंल.

पोरीचे हात मोकळेच राहतात की काय, असं झालं, तेवढ्यात शेजारची सत्यभामा घरी जाऊन एक जोड घेऊन आली. "आमच्या निकिताच्या हायत, काकू. जपून ठिवल्या हुत्या."

गाठ बघितली. माझीच होती. सुनंनंबी ती ओळखली.

"चालतील का, आत्या?" तिनं हळूच विचारलं.

"दुसऱ्या घरनंच आल्यात की," म्या म्हणलं. मग जोड सत्यभामाच्या हातात परत दिला. "तूच बांध, बाई. माझे हात लई दुखतेत."