भिंतीतला श्वास

तळवलीत गोटीराम म्हात्रेच्या दारात माणूस मावत नव्हता. बायका नारळ घेऊन, पुरुष चपला काढून, आतल्या खोलीची भिंत ऐकायला ताटकळत होते. भिंत श्वास घेत होती. घुंऽऽ असा आवाज हळूहळू चढायचा, उतरायचा, विरायचा, पुन्हा चढायचा. मीही कान लावला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

त्याच भिंतीशी गोटीरामची सून गोजरा तापाने फणफणत पडली होती.

"देवी आई भिंतीत बसलेय!" देवजी भगत अंगाऱ्याची चिमूट उडवत ओरडत होता. "तिचा सास पोरीच्या अंगात चाललाय. डाक्टरची सुई टोचली का आई उठून जाईल. नारल इकडं ठेवा, फोडू नका!"

फोडलेला नारळ परत विकता येत नाही, हे आईने त्याला बरोबर सांगितलं होतं.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. गोटीरामला म्हटलं, "काका, पोरीचे डोळे पिवळे झालेत. ठाण्याला न्या."

"गुर्जी, सास चालू हाय तवर पोर माझी जित्ती हाय."

मग एका सकाळी श्वास थांबला. घुंऽऽ ऐकू येत होतं, पण सपाट. चढ नाही, उतार नाही.

"सास कोनी गिलला?" देवजीचं बोट गर्दीवरून फिरलं आणि वेणूबाईवर थांबलं. शेजारची विधवा. गोजराला रोज पेज आणून द्यायची. लोकांनी तिला केसांना धरून अंगणात ओढलं. "पेज दिली रं, नुसती पेज," एवढंच ती म्हणत राहिली. मी मध्ये पडलो. पहिली काठी माझ्या खांद्यावर बसली.

"काका, घरामागच्या कारखान्यात आज काय बंद आहे?" मी ओरडलो.

कारखान्यात जमीन गेल्यावर गोटीराम तिथेच वॉचमन झाला होता. तो चाचरला. "मोठे पंखे दोन हायत. एकाचा पट्टा तुटलाय सकालपासून."

"आधी तो पंखा चालू करून ऐकू, मग काठ्या उचला," मी म्हणालो. कारखान्याचं कुंपण घराला लागूनच होतं. अर्धा गाव कुंपणाशी, अर्धा भिंतीशी उभा राहिला. फोरमनने नवा पट्टा चढवून पंखा सुरू केला.

"सास आला!" आतून गोजराचा नवरा दत्तू ओरडला.

पंखा बंद केला. श्वास गेला. सुरू केला. आला.

"दोन्ही पंखे जवळजवळ एकाच सुरात गुणगुणतात," मी सांगितलं. "पण एक किंचित हळू फिरतो. दोघांच्या लहरी जुळल्या की आवाज फुगतो, उलट पडल्या की एकमेकींना मारतात आणि आवाज बसतो. भजनाच्या पेटीतले दोन सूर जरासे बिनसले की आवाज डुलतो ना, तसं. याला विस्पंद म्हणतात."

"आईच पंख्यात गेली!" देवजी म्हणाला.

"मंग पट्टा तुटला तवा तिचा पाय मोडला काय?" माझ्या वर्गातल्या बंडूने विचारलं. कुणी हसलं नाही.

कारखान्याच्या टेम्पोतून गोजराला ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आता आणलीत?" त्याच आठवड्यात ती गेली.

वेणूबाई माहेरी उलव्याला निघून गेली. गोटीराम माफी मागायला गेला होता. तिने दार उघडलं नाही.

आवाज कळला नाही तर भीती वाटणारच. पण तो कुठून येतो ते आधी जाऊन बघा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर बघायला जाण्याआधी त्याला दवाखान्यात पोहोचवा.