गावाचा तख्ता

"खाला, तख्ता देत नाही म्हनते."

वाजीद दारातच थांबला. आत यायला त्याचे पाय धजत नव्हते, कारण आत त्याची आई हुरबी होती आणि ती पहाटे फजरच्या अजानीच्या वेळी वारली होती. जैतूनबीनं हुरबीच्या हनुवटीखालून घेतलेली पट्टी डोक्यावर बांधली, गाठ नीट बसली का ते बोटानं पाहिलं आणि मगच मान वर केली.

"कोन देत नाही?"

"सत्तारभाई. कमिटीचा ठराव झाला म्हने. मोठ्या मशिदीचं सामान आता पत्र्याच्या मशिदीवाल्याइले द्याचं नाही."

"सामान?" जैतूनबी म्हणाली. "सामान म्हनते तो त्याले?"

तख्ता म्हणजे मय्यतीला शेवटची अंघोळ, म्हणजे गुसल, घालायची सागवानी फळी. माणसाच्या लांबीची, पायाकडे जरा उतरती, पाणी वाहून जावं म्हणून. उंद्रीपासून थोडं आत असलेल्या ह्या गावात मुसलमानांची साठ-पासष्ट घरं आणि तख्ता एकच. त्याचं लाकूड हुरबीच्या बापानं दिलेलं. तेव्हा मशीदही एकच होती. पुढे आमीन मनात म्हणायचं की मोठ्यानं, हात बेंबीशी बांधायचे की छातीवर, दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीला जायचं की नाही, यावरून कडाक्याची भांडणं झाली आणि नाल्यापलीकडे पत्र्याची दुसरी मशीद उभी राहिली. भांडले, पण एकमेकांच्या लग्नात जेवले. मुली दिल्या, मुली आणल्या. हुरबीच मोठ्या मशिदीच्या घरातली लेक आणि पत्र्याच्या मशिदीच्या घरातली सून होती. कब्रस्तान एकच राहिलं, तख्ता एकच राहिला आणि दोन्हीकडच्या बायकांना गुसल देणारी जैतूनबीही एकच राहिली. बत्तीस वर्षं.

तिला काही विचारावं लागत नसे. मोठ्या मशिदीकडची बाई असली की केसांचे दोन भाग करून छातीवर सोडायचे. पत्र्याकडची असली की तीन वेण्या घालून मागे. तिकडे फुलांची चादर आणि अत्तर, इकडे फुलाचं नाव काढायचं नाही. सासूनं हे काम शिकवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं की मेलेल्या बाईशी वाद घालू नये, तिच्या घरचं असेल तसं करावं.

आणि आता हे नवे शहाणे निघाले होते ठराव करायला.

शहाण्यांची कमी ह्या बाजूलाही नव्हती. वाजीदचा चुलतभाऊ जावेद अंगणात फोनवर होता. त्याचं संभाजीनगरला मोबाइलचं दुकान होतं, आणि गावात आला की तो सगळ्यांची नमाज तपासत फिरायचा. त्यानं फोन खाली केला. "तख्त्याचं टेन्शन घेऊ नका, खाला. चिखलीहून बाई येऊन राह्यली. शिकेल हाय. ते करन सगळं. तुमी आरामानं बसा."

"काऊन? माह्या हाताले काय झालं?"

"तसं नाही. पन तुमी दर्ग्यात जाता. दंडाले ताईत हाय तुमच्या."

"मंग? तुह्या चुलतीच्या अंगाले माहा हात लागन. ताईत नाही लागत."

वाजीद खाली मान घालून उभा होता. त्याला आई धुवून, कफन घालून, दुपारनंतरच्या असरच्या नमाजीपर्यंत मातीत नीट पोचवायची होती, दुसरं काही नको होतं. पण त्याला कोण विचारतो?

"कितीक वाजता येते ते बाई?" जैतूनबीनं विचारलं.

"दोनपर्यंत पोचन."

"दोन?" तिचा आवाज चढला. साडेनऊ वाजले होते आणि वैशाखाचं ऊन आत्ताच टिनावर बसलं होतं. "दोनपर्यंत ह्या टिनाखाली ठेवतं तिले? बर्फ आनला काय बर्फ?"

जावेद पुन्हा फोनकडे वळला.

जैतूनबी आणि हुरबी चाळीस वर्षं एकाच ओळीत कापूस वेचत आल्या होत्या. मशिदी दोन झाल्या तरी ओळ तीच होती. मागच्या आठवड्यात हुरबीनं खाटेवरून तिचा हात धरला आणि म्हणाली, "मले दुसऱ्या कोनाच्या हाती देऊ नको वो." जैतूनबीनं तिला येड्यासारखं बोलू नको म्हणून दटावलं होतं, पण हो म्हटलं होतं. त्या 'हो'चं आता काय करायचं, ते हे दोन दीडशहाणे ठरवणार होते.

शेजारच्या केसरबाईनं तीन दगडांवर पाण्याचा हंडा चढवला होता आणि त्यात बोरीची पानं टाकली होती. तिलाही ते जैतूनबीमुळे पाठ झालं होतं. "जैतूनबी, आमची ओसरीतली फळी घे न," ती म्हणाली. "चांगली लांब हाय. आत्ता धुवून देतो."

"घेतो. पन आधी त्या सत्तारले इचारून येतो."

फळी मिळाली होती. इथेच थांबली असती तर पुढचं झालं नसतं. पण जैतूनबीचं डोकं फिरलं होतं आणि ती पदर खोचून नाला ओलांडायला निघाली होती.

सत्तारभाई मोठ्या मशिदीच्या ओट्यावर पाच-सहा जणांत बसला होता. सिमेंट-लोखंडाचं दुकान, अंगात इस्त्रीचा पांढरा कुर्ता, आणि कमिटीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, झाल्यापासून हळू, तोलून बोलण्याची सवय लागलेली.

"या खाला. पानी आना रे खालाले."

"पानी नको. तख्ता पायजे."

"ठराव झाला न, खाला. मशिदीतल्या जलशात मौलाना काय बोलले, आयकलं न तुमी? त्याइच्या मय्यतीत गेलं की मानसाचा निकाह तुटते."

जैतूनबी एक पायरी चढली. "माहा मालक जाऊन एकोनीस वर्सं झाले. कोनासंग तुटन माहा निकाह? सांग न. तुटाले समोर कोनी पायजे का नाही?"

ओट्यावर एक जण फसकन हसला. दुसऱ्यानं तोंडाला रुमाल लावला. सत्तारभाईचे कान लाल झाले.

"हसन्यावारी नेऊ नका," तो म्हणाला. आवाज आता तोललेला नव्हता. "तुमी तिकडे हात लावला तं आमच्या एकाही घरात तुमाले पुन्ना बोलावनार नाही."

"ते लाकूड हुरबीच्या बापानं देल्लं हाय, सत्तार."

"देल्लं तं मशिदीले देल्लं. तवा ते आपल्यातले होते. आता ते बाई आपल्यातली नाही."

जैतूनबीच्या डोळ्यांपुढे पट्टी बांधलेलं हुरबीचं तोंड आलं. मग तिच्या जिभेवर जे आलं ते तिनं अडवलं नाही.

"आपल्यातली! तुही माय आपल्यातली होती न? चांदबी? तिले याच तख्त्यावर धुतलं म्या. दार लावून, एकटीनं. सांगू काय याइले, तिच्या पाठीले काय होतं ते? सांगू काय?"

ओट्यावरचं हसू गेलं.

चांदबी चार वर्षांपूर्वी गेली. पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि सत्तारभाईच्या दुमजली घराच्या मागच्या खोलीत ती आठ महिने पडून होती. तिच्या चाळिसाव्या दिवसाला आजूबाजूची सात गावं जेवून गेली. तिच्या पाठीला काय होतं ते जैतूनबीनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून ते इथेही येणार नाही. मागच्या खोलीत कोण किती वेळा गेलं होतं हे तिला ती पाठ पाहून कळलं होतं, एवढं पुरे.

सत्तारभाईनं खिशातून तख्त्याच्या खोलीची किल्ली काढली, पायरीवर ठेवली आणि मान फिरवली.

जैतूनबीनं किल्ली उचलली. सासूनं पहिल्याच दिवशी तिच्याकडून कसम घेतली होती की तख्त्यावर जे डोळ्यांना दिसेल ते कोणापाशी बोलायचं नाही. व्रण, गाठी, मार, बाईनं जन्मभर पदराखाली लपवलेलं सगळं. बत्तीस वर्षांत तिनं ते हुरबीलाही सांगितलं नव्हतं, हुरबीनं खोदून खोदून विचारलं तरी. आणि आज भर ओट्यावर, पाच बाप्यांसमोर, तिनं मेलेल्या चांदबीची पाठ उघडी करायला घेतली. तीही फळीसाठी. फळी तर केसरबाईनं धुवायलासुद्धा घेतली असेल. जैतूनबीला स्वतःची इतकी चीड आली की परतीच्या वाटेवर तिनं तख्ता उचलून आणणाऱ्या दोघांनाही उगाच झापलं.

वाजीदच्या बायकोनं खोलीला चादरींचा आडोसा केला. जैतूनबीनं अंगावर कपडा झाकून, त्याच्या आतून हात घालून, उजवीकडून सुरुवात केली. अर्धं गुसल झालं आणि बाहेर ऑटो थांबला. चादर सारून काळ्या बुरख्यातली, घामानं थबथबलेली, पंचविशीची एक पोरगी आत आली. तीच चिखलीची शिकेल बाई. दोनची साडेअकराला पोचली होती.

"काय, हाकलाले आली काय मले?" जैतूनबी गुरगुरली.

"नाही खाला." पोरीनं बुरख्याच्या बाह्या वर केल्या. "एकट्या करून राह्यल्या तुमी. पानी मी टाकू काय?"

जैतूनबीनं तिच्याकडे पाहिलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. पोरगी पाणी बरोब्बर टाकत होती, हळू, एका धारेनं, नाकातोंडात जाऊ न देता. शेवटच्या पाण्यात तिनं न सांगता कापूर घातला. केस पुसून झाल्यावर ती म्हणाली, "तीन न?"

"हाव, तीन. सासरची रीत." जैतूनबीनं बटा वेगळ्या केल्या. हुरबीचे केस पातळ झाले होते, वेण्या बोटाएवढ्याच झाल्या. "माहेरची असती तं दोन केल्या असत्या. मले दोन्ही येते."

"मले तीनच येते," पोरगी म्हणाली. "दोनचं दाखवा मले कधी."

असरनंतर जनाजा निघाला. बायका कब्रस्तानात जात नाहीत; काय झालं ते वाजीदनं येऊन सांगितलं. मोठ्या मशिदीची दहा-बारा माणसं आली होती, पण नमाजेत उभी राहिली नाहीत. रस्त्याच्या कडेला निंबाखाली थांबली. नमाज संपल्यावर आत आली आणि प्रत्येकानं तीन तीन मुठी माती दिली. जावेदनं त्यांना अडवलं नाही.

"सत्तार होता काय?" जैतूनबीनं विचारलं.

"होते. शेवटी आले."

उतरत्या उन्हात अंगण रिकामं झालं. वाजीद मशिदीत गेला होता, त्याची बायको आत पडली होती. जैतूनबी तख्ता घासत बसली होती, तोच सत्तारभाई आला. एकटा. पत्र्याच्या मशिदीच्या ह्या गल्लीत त्यानं कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता.

"तख्ता न्याले आलो."

"निथळू दे थोडा."

तो थांबला. कुंपणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाला, लय होतं काय?"

जैतूनबीचा हात थांबला.

"बाई ठेवली होती तिच्यासाठी," तो म्हणाला. "ते म्हने सगळं ठीक हाय. मी रोज इचारत होतो. दारातून. आत नाही जाऊ शकलो. वास येत होता, खाला." त्यानं नाकाला हात लावला आणि लगेच खाली घेतला, जणू आत्ताच कोणी पाहिलं. "तवापासून कोनाले इचारता नाही आलं."

ह्याच माणसानं सकाळी किल्ली दाबून ठेवली होती. एक वाक्य बोललं असतं तर तो जन्मभर झोपला नसता, आणि ते वाक्य जैतूनबीपाशी चार वर्षं तयार होतं. तिच्या मनात आलंही. ह्यालाच आज हुरबी परकी झाली होती.

"काही नव्हतं," ती म्हणाली. "साफ पाठ होती. मी खोटं बोलली."

सत्तारभाईनं तिच्याकडे पाहिलं.

"तख्ता पायजे होता म्हनून बोलली. रागानं. उद्या ओट्यावर त्या सगळ्याइले सांग, जैतूनबी खोटं बोलली म्हनून."

"खाला..."

"सांगजो. माह्यासाठी नाही. तुह्या मायसाठी सांगजो. नाहीतं ते जन्मभर तिच्या पाठीचंच बोलत बसतीन."

तिच्या तोंडाकडे पाहून त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही दिसत होतं. मग तो वाकला. तख्ता दोघांनी उचलायचा असतो, पण त्यानं तो एकट्यानं डोक्यावर घेतला. पत्र्याच्या मशिदीतून दोन माणसं हात लावायला धावली तेव्हा त्यानं नुसता नकार दिला. फळीतलं पाणी त्याच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर ओघळत होतं.

कुडाच्या वरून केसरबाईचं डोकं दिसलं. "काय म्हनत होता वो सत्तारभाई?"

"काही नाही. फळी न्याले आला होता."

उद्यापासून मोठ्या मशिदीकडे तिला खोटारडी म्हणणार होते. पत्र्याकडे ताईतवाली होतीच. सकाळपासून ती रडली नव्हती. मय्यतीच्या अंगावर आसू पडू नये म्हणून गुसल देणारीनं रडायचं नसतं. आता अंगणात कोणी नव्हतं. तिनं बादली उपडी घातली, तिच्यावर बसली आणि हुरबीचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला लागली.