सुटलेले पीळ

“वहिनी, हे बिल एवढ्यात नका पाठवू,” हातमोजे काढत मिस्त्री दारातूनच म्हणाले. “त्या कुंपणवाल्या साहेबांनी फाटकाची कडी बाहेरून बसवून घेतलीय. आपल्या मालकांना एकदा बोलू द्या त्यांच्याशी.”

“अहो, कुत्रा आहे त्यांचा. पळून जातो म्हणे.”

“दोन दिवस काम केलं तिथं. एकदा भुंकल्याचं ऐकलं नाही.”

“तुमच्या मिश्या बघून घाबरला असेल,” ती हसली. मांडीवरच्या मुलीचा हात कीबोर्डवरून बाजूला सारत तिने टाइप केलं: जाळीचं कुंपण, साठ फूट. फाटक एक. कडी, बाहेरून.

नवरा कुंपणं घालायचा, बिलं ती घरून करायची. दुरुस्तीच्या बिलाला मिस्त्रींनी काढलेले फोटो जोडायचे, हा नियम तिचाच. महिन्याभरात त्या साहेबांच्या घरून दुरुस्तीचा फोन आला. मग पुन्हा आला. दोन्ही वेळा खालच्या कोपऱ्यातली जाळी खांबापासून मोकळी झालेली. ‘बांधणीच्या तारेचे पीळ सुटले, नव्याने बांधणी,’ असं तिने लिहिलं. दुसऱ्यांदा तर आधीचीच ओळ उचलून डकवली.

तिसऱ्यांदा साहेबांनीच सांगितलं, तार नको, जाळी खांबाला वेल्डिंग करून टाका. तेही झालं. तेही बिल गेलं. त्यानंतर फोन आला नाही.

“याला म्हणतात काम,” नवरा एका सकाळी म्हणाला. “चार महिने झाले, तक्रार म्हणून नाही.”

ती जुनी बिलं फायलीला लावत होती. मुलगी पायाशी बसून आपल्या झबल्याची नाडी सोडवत होती. ओठ मुडपलेले, सगळा जीव बोटांत, एकेक वेढा उलटा फिरवत. बिल लावता लावता तिचा हात थांबला.

तिने ते फोटो उघडले, मोठे केले. जाळी कुठे फाटली नव्हती की वाकली नव्हती. तारा तुटल्या नव्हत्या. एकेक पीळ उलगडून, तारा आतल्या बाजूला फरशीवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सात. दुसऱ्या फोटोत अकरा.

“कुत्रा असं करतो?” तिने स्क्रीन नवऱ्याकडे वळवली.

त्याने पुढे वाकून फोटोतल्या तारा मोजल्या.

“आपलं काम कुंपण घालायचं,” तो म्हणाला. “आत कोण राहतं, ते आपण कशाला बघायचं?”

पण हातातला चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला.

तिने साहेबांना फोन लावला.

“काम ठीक आहे ना, म्हणून विचारत होते.”

“अगदी. आता काही कटकट नाही.”

“आणि कुत्रा?”

“कुठला कुत्रा?”

फोन ठेवून तिने मुलीला उचलून घेतलं. अर्धी सुटलेली नाडी तिच्या मनगटावर लोंबत राहिली. त्या घराच्या शेजाऱ्यांचा एक खांब मागच्या आठवड्यात बदलला होता. त्यांचं बिल अजून जायचं होतं. तिने ते उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात तिने आजवर कधी काही लिहिलं नव्हतं.

‘तुमच्या डाव्या हाताच्या घराच्या कुंपणाशी, खालच्या कोपऱ्यापाशी जाऊन एकदा हाक माराल का? कोणाला, ते मलाही माहीत नाही. उत्तर आलं नाही तर परत फिरू नका, पोलिसांना बोलवा. बिलाचं नंतर बघू. आधी हे बघा.’