शंभर स्लाइडींची सही

अफशीनला लोक आडमुठी म्हणत, आणि ती होतीच. पण या बाबतीत तिचं काय चुकलं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

हिंगोलीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिनं लॅब टेक्निशियनची सहा महिने इंटर्नशिप केली. केली म्हणजे काय, तर रोज सेनगावहून एसटीनं यायचं, रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायची, रजिस्टर भरायचं आणि अकराला सगळ्यांचा चहा आणायचा. तपासणी करणार मशीन. पोरी इथं शिकायला आल्यात, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात केलेल्या कामाच्या वह्या भरायच्या. मागच्या बॅचची वही घ्यायची, तारखा बदलायच्या आणि जशीच्या तशी उतरवायची: रक्ताच्या स्लाइड शंभर, रक्तगट पन्नास. इन्चार्ज विश्वंभर सर न बघता सही ठोकत. सहीवाचून सर्टिफिकेट नाही, आणि त्याच्यावाचून नोकरी कोण देतंय, कप्पाळ! सोबतच्या प्रतिक्षाची वही तर दुपारीच उतरवून झाली.

अफशीननं खरं लिहिलं. नळ्यांना नावं, रोज. चहा, रोज. स्लाइड शून्य, रक्तगट शून्य.

वही बघून सरांचा पारा चढला. दवाखान्याची अब्रू काढायला निघालीस का, म्हणाले. सेनगावच्या एका खासगी लॅबनं तिला एक तारखेपासून बोलावलंय, तिचे अब्बा मकबूलभाई साऱ्या गल्लीला ते सांगून बसलेत, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि तेही त्यांनी बोलून दाखवलं. शून्य खोड, शंभर लिही, दोन मिनिटांत सही करतो.

अफशीनला नोकरी हवीच होती, खोटं कशाला सांगू. पण ती जागची हलली नाही.

"सर, त्या लॅबमधी मी एकटीच राहीन. तापाचं लेकरू आलं तर मलेरिया हाय का न्हाई, ते स्लाइड बघून मलाच सांगावं लागंल. मला येत न्हाई. शंभर लिवल्यानं येणार हाय का?"

सगळेच असं करतात, सर म्हणाले. म्हणून तर कोणालाच येत नाही, ती म्हणाली. मग सही मिळणार नाही, ते म्हणाले. नका करू, ती म्हणाली, पण शिकल्याशिवाय मी जायची नाही. आणि बयेनं कोपऱ्यातला मायक्रोस्कोप उचलून सरळ त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. एकच स्लाइड करून दाखवा, म्हणाली.

सरांनी हात लावला नाही. नुसते बघत बसले. प्रतिक्षा खाली मान घालून उभी होती. अफशीननं मायक्रोस्कोप आणखी पुढं सरकवला, तशी सरांनी खुर्ची मागं घेतली, आणि तिच्या ध्यानात आलं.

"सर, तुमाला येत न्हाई?"

सरांनी आधी दाराकडं बघितलं. "माझीबी वही अशीच भरली होती," ते हळूच म्हणाले. "मला तरी कोणी दाखवलं?"

अफशीनला घडीभर त्यांची कीव आली, आणि लगेच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मंग इतकी वर्षं सही कशाची करून राहिले तुमी?"

डोंगरकडा गावात व्यंकटराव म्हणून म्हातारे टेक्निशियन होते. निवृत्त झालेले, पण उभी हयात हातानं स्लाइडी केलेले. ती दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात गेली आणि सगळं सांगून त्यांना आठवड्यातून दोन दिवस दवाखान्याच्या लॅबमध्ये यायला कबूल करून आली; सरांनीही आडकाठी केली नाही. एक तारीख हुकली, नोकरी दुसऱ्या कोणाला गेली, अब्बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती रडली, आणि सोमवारी पुन्हा एसटीत बसली.

व्यंकटरावांनी आल्या आल्या चष्मा पुसला आणि शिकणारे किती, म्हणून विचारलं. प्रतिक्षा दोघी म्हणणार, तेवढ्यात अफशीननं तिसरं स्टूल ओढलं.

"तिघं," ती म्हणाली. "सर, बसा."