आधी इसार परत

मी ओळंबा बोलतोय. दोरीला लटकणारा पितळी गोळा, म्हणून मला हलक्यात घेऊ नका. भिंत कितीही मोठ्या माणसाची असो, वाकडी असेल तर मी तोंडावर सांगतो. या स्वभावापायी मला मित्र थोडे.

उदगीरच्या एका कारागिराने मला ओतलं आणि मुखेडच्या बाजारात शेषेराव गवंड्याने मला उचललं. त्याची बायको पंचशीला विटा नि माल द्यायची, तो भिंत चढवायचा, आणि मी मधे लोंबकळत दोघांच्या कामावर नजर ठेवायचो. सुखाचे दिवस होते. मग दुष्काळ पडला. नव्या भिंतीवर मारायला पाणी नाही, तिथे बांधकाम कोण काढणार? मी खुंटीला लटकलो तो लटकलोच. कामाविना लटकण्यासारखं दुःख नाही.

त्याच सुमारास वीरण्णा नावाच्या एजंटाने शेषेरावाला आखाती देशाचा व्हिसा मिळवून दिला. काम गोदामात हमालीचं. पण पोटापुढे थापीचा काय मान! जायची तारीख जवळ आली, तिकीटही हाती पडलं, आणि वीरण्णा नवाच निरोप घेऊन आला. तिकडच्याच दुसऱ्या कंपनीला शाळा बांधायला गवंडी हवे होते. खुंटीवर माझा जीव वरखाली झाला.

“ह्याच व्हिसावर जातो अन् तिकडं उतरल्यावर त्या कंपनीत घुसतो,” शेषेराव म्हणाला.

“तसं जमत न्हाई. व्हिसा मालकाच्या नावानं असतो. दुसऱ्याकडं राबताना घावलास तर जेल. नव्या कंपनीचा येगळा व्हिसा पायजे. तो येस्तोवर हा हातात राहू दे, आला की हा रद्द करू.”

सल्ला शहाणा होता. पण दारात शेषेरावाची माय, केवळाबाई, बसली होती. तिचा नवरा जन्मभर सालगडी. पाडव्याला नवं साल सुरू व्हायचं. मालक बदलायचा तर पाडव्याआधी जुन्याने आगाऊ दिलेला इसार परत करायचा आणि मगच नव्याच्या दारात उभं राहायचं, अशी रीत.

“तुझा बाप कधी दोन मालकांचा इसार धरून बसला न्हाई,” ती म्हणाली. “आधी त्येंचं त्येंना दे.”

शेषेरावाने तिकीट वीरण्णाच्या हातात ठेवलं. “कळवा त्येंना. म्हणावं, कामाला लागायच्या आधीच सांगून राहिलो.”

वीरण्णाने कपाळाला हात लावला. मला हात असते तर मीही लावला असता. सरळपणा मला प्रिय आहे, पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं म्हणजे अतिच झालं!

पहिला व्हिसा रद्द झाला आणि दुसरा काही येईना. गावाला हसायला विषय मिळाला. पंचशीलेने सासूशी अबोला धरला. शेवटी तिनेच वाट काढली.

“लातूर नवा जिल्हा झालाय. तिथं हाफिसं बांधून राहिलेत, पाणी टँकरनं आणतेत म्हणं. चला,” ती म्हणाली आणि मला खुंटीवरून काढून पिशवीत टाकलं.

केवळाबाईसकट सगळं घर लातुरात आलं आणि मी पुन्हा भिंतीला लागलो. शेषेरावाचं ध्यान मात्र वीरण्णाच्या वाटेवर. विटा वाकड्या बसायच्या, मी चुगली करायचो, तो काढून पुन्हा लावायचा. कसाबसा एक मजला चढला.

एका दुपारी वीरण्णा घाम पुसत आला. नवा व्हिसा आला होता!

“नव्या कंपनीनं जुन्या कंपनीला इचारलं, माणूस कसा हाय म्हणून. ते म्हणाले, पळून जाणारे लई बघितले, आधी सांगून जाणारा हाच.”

केवळाबाई मोठ्याने रडली. “माझ्या बोलण्यापायी लेकराचं वाटोळं झालं, असंच वाटत व्हतं गं माय,” ती सुनेला म्हणाली. पंचशीलेने तिचे डोळे पुसले. अबोला तिथेच संपला.

आता मी पंचशीलेच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत पडलो आहे.

“तिकडं ओळंबे मिळत न्हाईत का?” वीरण्णाने विचारलं होतं.

“मिळतील,” शेषेराव म्हणाला. “पर हा घरचा हाय.”

पेटीचं झाकण पडायच्या आत एवढंच सांगतो. पंचशीले, लातुरात आपण चढवलेल्या त्या भिंतीवर रोज पाणी मारत राहा. ओली राहिली तरच ती पक्की होईल. परत आलो की मी आधी तिला दोरी लावून बघणार आहे.