थोरलीची मूठ

विमलबाईने ढेकूळ हातानेच फोडले, तशी बोटाला सुई टोचली. इंजेक्शनची. तिने ती बांधावर फेकली. तिथे सकाळपासून वेचलेल्या काचा, गोळ्यांची रिकामी पाकिटे, प्लास्टिकच्या चिंध्या यांचा ढीग झाला होता. अख्खे वावर असेच. वर चपला घालून आपल्याच मातीत फिरायची पाळी आलेली.

उन्हाळ्यात धाकट्या दिराने, ज्ञानेश्वरने, ट्रॅक्टर लावून तलावातला गाळ दोघांच्या वावरांत टाकला होता. गाळ कुठला, कसा, हे तिने एका शब्दाने विचारले नाही. विचारायचे काय? तिच्या हातचे खाऊन मोठा झालेला पोरगा तो.

बांधापलीकडून तोच आला.

"वैनी, चाल. तिफण थांबली तुह्यासाठी."

पेरणीची पहिली मूठ थोरल्या सुनेच्या हातची. वाटण्या झाल्या तरी एवढे मोडले नव्हते.

"ज्ञानू, माह्या वावरात सुया काऊन निघून राह्यल्या रे?"

"तलावाचा गाळ हाय वैनी. साऱ्या गावची घाण जाते तिथं. माह्या इथंबी तसंच हाय."

बोलताना त्याने ढिगाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिला ते खटकले. तिने एक ढेकूळ पदरात घेतले आणि त्याच्या मागे निघाली.

रिवाजाप्रमाणे तिने बांधावर चपला काढल्या. त्याच्या वावरातली माती काळी, मऊ होती. पायाला काहीच टोचले नाही. त्याची बायको कोकिळा बियाण्याचे सूप घेऊन उभी होती. विमलबाईने सुपाकडे हात न नेता तिफणीच्या तासात ढेकूळ टाकायला पदर मोकळा करायला घेतला.

ज्ञानेश्वरने तिचे मनगट धरले.

"ते नको वैनी. इथं नको टाकू."

"काऊन? एकाच तलावाचा गाळ होय ना?"

त्याने तिचे मनगट सोडले.

"तुह्या वावरातला गाळ नाल्याच्या तोंडचा हाय, घाण पडते तिथला. रस्त्याले लागून होता. आतून आणायले डिझेल लय जात होतं."

"तुह्या वावरासाठी गेला ना आत?"

विमलबाईला रडू आले नाही, संताप आला. आता तो गाळ मातीत कालवला गेला होता, काढायचा म्हटला तरी निघणार नव्हता. तिने ढेकूळ पुन्हा पदरात बांधले. मग सुपातून मूठभर बियाणे घेतले आणि कोकिळेच्या हातात ठेवले.

"तू टाक. या वावराची थोरली आता तूच."

ती माघारी फिरली. बांधावर येऊन तिने चपला घातल्या आणि आपल्या वावरात उतरली.