शुभ्राचं वाक्य

सूर्यकांतचा स्वभावच उतावळा. आखातातल्या रास अल खोरच्या गोदामात ट्रक पाच मिनिटं उशिरा आला, तरी हा फाटकात जाऊन अरबीत "यल्ला, यल्ला" करत घाई लावणार. आणि घरी सतरा वर्षांची लेक शुभ्रा बोलताना अडकली, की तिचं वाक्य हाच पुरं करणार. शुभ्रा लहानपणापासून अडखळायची. वेटरपुढे, टीचरपुढे, फोनवर आजीशी बोलताना शब्द ओठांवर अडला की बापाचा जीव खालीवर व्हायचा, आणि उरलेलं वाक्य त्याच्याच तोंडून निसटायचं. पोरीची फजिती वाचवली, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

तिने इटालियन शिकायचा हट्ट धरला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "हेमा, आधीच दोन भाषांची बोंब, त्यात ही तिसरी कशाला?" पण पोरीने काही मागायची वेळच क्वचित यायची, म्हणून त्याने क्लासला तिचं नाव घातलं.

त्या शनिवारी काम लवकर आटपलं आणि तो अर्धा तास आधीच अल बर्शाच्या क्लासवर पोचला. दार किलकिलं होतं. आत कोणी मुलगी अस्खलित इंग्रजीत इतरांना समजावत होती, मधेमधे टेबलावर बोटांनी ठेका धरत होती. 'गात्-तो' म्हणजे मांजर. जोडाक्षर मधोमध तोडायचं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. शेपूट बदललं की 'गात्-ती-नो', मांजराचं पिल्लू. मग तिने एक अकरा तुकड्यांचा शब्द घेतला, प्रे-ची-पी-ते-वो-लीस्-सी-मे-वोल्-मेन्-ते, म्हणजे 'अतिशय घाईघाईने', आणि ठेका सोडून तोच एका दमात म्हणून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

काय पोरगी आहे, म्हणून सूर्यकांतने डोकावून पाहिलं. फळ्यापाशी शुभ्रा उभी होती.

तो जागच्या जागी थिजला. सतरा वर्षांत हा आवाज त्याने ऐकलाच नव्हता. कुणी आपलीच पोर लपवून ठेवून आज दाखवावी, तसं झालं त्याला. भानावर येताच तो दार ढकलून आत घुसला. "शाब्बास! अगं, तू बोलतेस!"

शुभ्राने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बा-बा-ब…"

"हो, बाबा आलाय. लवकर सुटलो. चल, निघू या."

इटालियन शिकवणाऱ्या मुनिबा मॅडम खुर्चीवरून उठल्या. "भाईसाहब, हमारी क्लास में एक ही रूल है," त्या हळूच म्हणाल्या. "किसी की बात कोई दूसरा पूरी नहीं करेगा."

सगळ्या पोरांसमोर कोणी कानफटात मारावी, तसं ते त्याला लागलं.

त्याने गाडी हमरस्त्याला घेतली. शेवटी राहवलं नाही. "परक्यांपुढे घडाघडा बोलतेस, मग माझ्याशीच का अडतं गं?"

शुभ्रा गुडघ्यावर बोटं आपटत राहिली. "बाबा, इन टेन्थ… द क-क-काउन्सेलर आस्क्ड मी, व्हॉट डू यू वॉन्ट टू ट-ट…"

'टेक' त्याच्या जिभेवर आला होता. त्याने दात आवळून तो गिळला.

"…टेक. आय सेड, आय वॉन्ट… अँड यू सेड, बिझनेस." ती समोर बघत होती. "आय वॉन्टेड ब-ब-बायॉलॉजी."

 पुढे लाल सिग्नल होता. ब्रेक इतका जोरात लागला की दोघंही पुढे फेकले गेले. बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. त्या दिवशी काउन्सेलरच्या केबिनमधून तो किती खुशीत बाहेर पडला होता! रोल्लाच्या बाजारात नेऊन तिला आइस्क्रीमसुद्धा खाऊ घातलं होतं.

"अगं, मग सांगायचं नाहीस का?" त्याचा आवाज फाटला. "त्याच दिवशी, रस्त्यात, घरी, कधीही! जवळजवळ दोन वर्षं! का नाही सांगितलंस?"

"बि-बि…"

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"…बिकॉज यू वुड हॅव फिनिश्ड दॅट टू."